पोटात घेतलेला श्वास

रुबियेमच्या हाताखालून माणूस ढेकर दिल्याशिवाय उठत नाही, असं सोलो शहरातल्या त्या वस्तीत म्हणायचे आणि ते जवळजवळ खरं होतं. बाजारात कापडाचे गठ्ठे उचलणाऱ्या बायका, सायकलरिक्षा ओढणारे म्हातारे, बाळंतिणी, परीक्षेच्या आधी पोट धरून बसणाऱ्या मुली, सगळ्यांच्याच अंगात कधी ना कधी वारा शिरायचा. तो काढायचा रुबियेमने. पाठीला तेल आणि बाम चोळायचा, मग कडेने झिजून गुळगुळीत झालेलं जुनं तांब्याचं नाणं कण्यापासून बरगड्यांकडे तिरकं ओढायचं. लाल पट्टे उठले की वारा बाहेर पडतोय. जांभळे उठले तर तो बरेच दिवस आत बसून होता. पाठ झाली की माणसाला उताणं करायचं आणि पोटाला हात घालायचा. त्याआधी प्रत्येकाला एकच सूचना असायची: छाती फुगवू नका, पोटाने श्वास घ्या, म्हणजे माझा हात आत जातो. ज्याला जमायचं नाही त्याच्या बेंबीवर ती आपला रुंद तळवा ठेवून म्हणायची, "हा उचला. बाकी काही करू नका, नुसता हा हात उचला."

हे काम ती चौदाव्या वर्षी आईच्या शेजारी बसून शिकली आणि आता बावन्न वर्षांची होती. अंगाने बारीक, हात मात्र दुसऱ्याच कुणाचे आणून लावल्यासारखे. बायका पालथ्या पडल्या की नवऱ्याच्या, सासूच्या, शेजारणीच्या सगळ्या गोष्टी तिला सांगून मोकळ्या व्हायच्या. ती 'हं' म्हणायची. त्या 'हं'चा अर्थ ज्याने त्याने आपल्याला हवा तसा घ्यावा. कुणाला तोंडावर नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं. एका बाईने चार वर्षं तिच्याकडून फुकट पाय चेपून घेतले, ते याच गुणामुळे.

दुसऱ्याच्या अंगातली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली की ती लगेच दवाखान्यात पाठवायची. स्वतःच्या डाव्या छातीतली मात्र तिने सात महिने वाऱ्याचीच धरली. रोज संध्याकाळी दार लावून ती चोळायची. शेवटी धाकट्या बहिणीने, सारतिनीने, ते दार उघडलं आणि तिला ओढत नेलं. ऑपरेशन झालं, डावी बाजू सपाट झाली, औषधाच्या सलाइनी झाल्या, केस गेले आणि रुमालाखाली बोटभर परत आले. आता किरण राहिले होते. सोळा वेळा, शनिवार-रविवार सोडून रोज.

किरणांच्या खोलीत पहिल्यांदा नेलं ते फक्त शिकवायला आणि रेघा काढायला. वेनिंग नावाची एक पोरगेली बाई होती, सगळ्यांची म्बाक म्हणजे ताई, फिकट निळ्या कपड्यातली, डोक्याचा रुमाल चार टाचण्यांनी घट्ट बसवलेला. तिने रुबियेमला फळीवर झोपवलं, हात डोक्यावरून मागे घेऊन दोन दांड्या पकडायला लावल्या. बरगड्या संपतात तिथे, पोटाच्या वरच्या अंगाला, एक छोटी पांढरी डबी ठेवली. श्वास घेतला की डबी वर जायची आणि डोळ्यांसमोरच्या पडद्यावर एक पिवळी रेघ चढायची. रेघ निळ्या पट्टीत गेली की बरोबर. ती तिथेच टिकली तरच किरण चालू राहणार, घसरली की मशीन आपोआप बंद. वेनिंग सगळ्याच पेशंट बायकांना बु, म्हणजे बाई, म्हणायची. तिने दोनदा सांगितलं होतं, बु, छाती भरून घ्यायचा, पोट नाही, छाती. मी धरा म्हटलं की धरायचा, सोडा म्हटलं की सोडायचा. वीस सेकंद.

हे कशासाठी, तेही डॉक्टर हप्सारींनी तिथे उभ्या उभ्या सांगितलं होतं. पण त्या वेळी अंगावरच्या दवाखान्याच्या झग्याची एक नाडी तुटलेली होती, आणि खोलीत एक तरुण माणूस भिंतीवरच्या दिव्यांशी काहीतरी खटपट करत होता. रुबियेमचं सगळं लक्ष त्या नाडीकडे. हृदय डाव्या बाजूला असतं, इथवर तिने ऐकलं. ते तिला माहीत होतं. पुढचं सगळं कानांवरून गेलं, आणि ती "हो, हो डॉक्टर" म्हणत राहिली. डॉक्टरीणबाईही सोलोच्याच. या गावात हो म्हणजे फक्त ऐकलं, हे त्यांना कळायला हवं होतं, पण बाहेर तीस माणसं खोळंबली होती. हलू नये म्हणून श्वास धरायचा, फोटो काढताना धरतात तसा, अशी रुबियेमने आपली समजूत करून घेतली.

सोमवारी आणि मंगळवारी तिने सांगितल्याप्रमाणे केलं. छाती भरली. ऑपरेशनची शिवण ताणली, खांदे दुखले, पण त्याचं काही नव्हतं. भीती वेगळीच होती. अडतीस वर्षं ज्या वाऱ्याला लोकांच्या छातीतून हुसकून लावलं, तोच आता मुद्दाम आत घ्यायचा आणि वरून झाकण लावल्यासारखा धरून ठेवायचा. पंधरा-सोळा सेकंद झाले की काळीज कानात वाजायला लागायचं. रोज चार-पाच वेळा तरी धरावा लागे. घरी आल्यावर ती भिंतीला टेकून ढेकर येतो का बघत बसायची. येत नसे.

मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर तीन घरं सोडून राहणारा पाक गिमान, गल्लीतला सगळ्यांचा काका, गेला. ओट्यावर डॉमिनो खेळत होता. छातीवर हात ठेवून म्हणाला, वारा आहे जरा, आणि आडवा झाला. त्याच्या ग्लासातला चहा कोमट व्हायच्या आत सगळं संपलं. बसलेला वारा, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. फिरता वारा काढता येतो. छातीत येऊन बसतो तो माणसाला घेऊनच उठतो. गिमानच्या घरी चटईवर बायका ओळीने बसल्या होत्या. रुबियेम आत आली तेव्हा दोघी-तिघींनी तिच्या हातांकडे पाहिलं. एकीने तर म्हणूनही दाखवलं, तू दवाखान्यात नसतीस तर वेळेवर नाणं तरी फिरलं असतं. रुबियेम 'हं' म्हणाली.

तिचा नवरा सादिरान असाच गेला होता. नऊ वर्षांपूर्वी. मिनीबस चालवायचा. भर दुपारी गाडी दुसऱ्याच्या हवाली करून घरी आला, छातीत वारा भरलाय म्हणाला, डाव्या खांद्यापर्यंत जड झालंय. तिने त्याला पालथं पाडून नाणं चालवलं. पट्टे इतके काळेजांभळे उठले की तिला बरंच वाटलं, एवढा सगळा निघाला म्हणून. त्याने ढेकरही दिला. बरं वाटतंय म्हणाला. ती आल्याचा काढा करायला आत गेली, ग्लास घेऊन बाहेर आली, तोवर तो संपला होता. लोकांनी बसलेला वारा म्हटलं, तिनेही तेच म्हटलं. त्याने ढेकर दिला होता, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांत शेवटचा, तळाशी बसलेला वारा आपल्याकडून राहिला, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी रुबियेम गिमानच्या घरून परत आली तेव्हा सारतिनी चुलीपाशी टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तुकडे तळत होती. ती सकाळी दारात भात-भाजी विकायची आणि दिवसभर बोलायची. थोरल्या बहिणीला ती यू म्हणायची.

"यू, तू रोज तिथे जाऊन करतेस काय, मला एकदा सांग," ती झारा हातात धरून म्हणाली. "छातीत वारा भरतेस आणि वर बूच मारतेस. तेही हात वर करून. तुझ्याकडे आलेल्या कुणाला तू असं करू दिलं असतंस?"

"वीस सेकंद तर असतं."

"गिमानला तरी कुठे तासभर लागला?"

मग तिने कढई उतरवली, तेलाची बाटली आणि नाणं आणलं, आणि पालथी हो म्हणाली. रुबियेमने मान हलवली. तेल लागलं की छातीवरच्या आणि बगलेखालच्या रेघा जातील. निळ्या शाईच्या रेघा, त्यांवर चिकटपट्ट्या. त्या बघूनच मशीन लावतात. तेल नाही, बाम नाही, घासायचं नाही, असं बजावलं होतं.

"म्हणजे आत घ्यायचा आणि काढायचाही नाही," सारतिनी म्हणाली. "नुसता साठवायचा. छान आहे दवाखाना."

ती पुन्हा तळायला बसली. रुबियेम बराच वेळ आपल्या छातीकडे बघत राहिली. एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला रेघा. वारा काढायची वाट बंद होती. मग तो आत येऊ न देणं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

बुधवारी तिने तेच केलं. "श्वास घ्या," असा वेनिंगचा आवाज भिंतीतल्या जाळीतून आला, आणि रुबियेमने पोट उचललं. अडतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला श्वास होता तो. छाती जागची हलली नाही. डबी अलगद वर गेली, पिवळी रेघ चढली आणि निळ्या पट्टीत अशी निवांत बसली की सोमवार-मंगळवारी तशी एकदाही बसली नव्हती. मशीन घुमायला लागलं. काळीज कानात वाजलं नाही. वीसच काय, तीस सेकंदसुद्धा तिने धरला असता.

झाल्यावर वेनिंग हसत आत आली. "बु, आज किती सुरेख आली रेघ. बाकीच्यांना दाखवायला हवी."

रुबियेम लाजली. गुरुवारीही तसंच झालं. शुक्रवारी तिने वेनिंगसाठी सारतिनीच्या हातचा केळीच्या पानात बांधलेला चिकट भात नेला. वेनिंगने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पुन्हा एकदा सांगितलं की तुमच्यासारखा पेशंट असला की माझं काम अर्ध्या वेळात होतं. शनिवार-रविवार रुबियेम पोटभर जेवली, गाढ झोपली. सारतिनीला तिने काही सांगितलं नाही, पण स्वयंपाकघरात गुणगुणत होती, त्यावरून सारतिनी काय ते समजली.

सोमवारी तिचा नंबर अकरावा होता. बाहेरच्या बाकावर शेजारी बु लास्मी बसल्या होत्या. वोनोगिरी गावच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. त्यांची उजवी बाजू होती, आणि दवाखान्यातली एकही गोष्ट त्या विचारून घेतल्याशिवाय करू देत नसत. बोलता बोलता श्वासाचा विषय निघाला. त्यांना श्वास धरावा लागत नव्हता, डाव्या बाजूवाल्यांनाच तो लागतो, म्हणाल्या. रुबियेमने विचारलं, असं का. मास्तरणीला एवढं पुरेसं होतं.

त्यांच्या हातात रबर लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गोड चहा होता, नळी घातलेला. त्यांनी आपली पुठ्ठ्याची फाइल मांडीवर उभी धरली आणि चहाची पिशवी तिला चिकटवून ठेवली. ही फाइल म्हणजे छाती, म्हणाल्या, आणि हे तिला टेकलेलं हृदय. किरण फाइलीच्या पृष्ठभागावरून जातात, पण टेकलेल्या हृदयाचा काठ त्यात सापडतो. मग त्यांनी पर्समधून एक रिकामी पिशवी काढली, फाइल आणि चहाच्या मधे सरकवली आणि तोंडाने फुगवली. चहाची पिशवी हळूहळू सरकत फाइलीपासून चार बोटं लांब गेली.

"हे फुप्फुस," त्या धापा टाकत म्हणाल्या. "छातीत हवा भरली की हृदय असं लांब जातं. श्वास धरायचा तो त्यासाठी. नाहीतर आज गाठ बरी व्हायची आणि दहा वर्षांनी हृदय बिघडायचं."

रुबियेम त्या पिशवीकडे बघत होती. "आणि श्वास पोटात घेतला तर?"

"पोटात कशाला घेईल कुणी?"

"चुकून. समजा."

"मग हृदय आहे तिथेच," बु लास्मींनी मधली पिशवी काढून घेतली. चहा घसरून परत फाइलीला टेकला. "किरणांच्या तोंडी. एवढं शिकवतात, तरी चुकणारी बाई म्हणजे अगदीच म्हणायची."

त्यांनी नळी तोंडात धरली आणि हृदयातला चहा प्यायला लागल्या.

रुबियेम मनात मोजू लागली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. प्रत्येक दिवशी चार-पाच वेळा. ती शांतपणे पोट उचलून पडली होती, आणि वरून ते घुमत होतं, आणि तिचं काळीज खाली तसंच उघडं. तिने झग्याखाली हात घातला. ठोके लागत होते. नेहमीसारखे की जरा वेगळे? दुसऱ्याची नाडी तिला बोटांना लगेच कळायची, स्वतःची कळेना. आत काय झालं असेल? टेंपे तळताना कडा आधी काळ्या पडतात, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि जाईना. शनिवारी दोनदा जिना चढताना दम लागला होता, तो त्यामुळेच का? आणि ती गुणगुणत होती.

सातवा नंबर आत गेला. उठून घरी जावं, असं तिच्या मनात आलं. सांगायचं तर काय सांगणार? तुम्ही छाती म्हणालात, मी पोट दिलं, आणि तुम्ही शाबासकी दिलीत तेव्हा हसून घेतली. वेनिंगला बोलणी बसतील. पोरीने केळीच्या पानातला भात दोन्ही हातांनी घेतला होता. न सांगता आजपासून छाती भरायला लागली तर कुणाला कळणार नाही. पण छाती भरायची म्हणजे तो वारा पुन्हा आत. गिमानला जाऊन सहाच दिवस झाले होते. एकीकडे किरण, दुसरीकडे बसणारा वारा, आणि दोघांच्या मधे मुठीएवढं काळीज. बु लास्मी काहीतरी विचारत होत्या. ती 'हं' म्हणाली.

अकरावा नंबर पुकारला.

ती फळीवर झोपली. हात वर घेतले. वेनिंगने रेघांवर लाल प्रकाश जुळवला, डबी ठेवली, शनिवार-रविवार कसा गेला विचारलं आणि बाहेर गेली. जाड दार सरकत बंद झालं. थोड्या वेळाने जाळीतून आवाज आला, श्वास घ्या.

रुबियेमने घेतला नाही. छातीतही नाही, पोटातही नाही. पिवळी रेघ तळाशी बारीक थरथरत राहिली.

बु, श्वास घ्या, पुन्हा आवाज आला. मग तिसऱ्यांदा. मशीन गप्प होतं. तिला कळत होतं की बाहेर नंबर खोळंबलेत, पण अंग तिचं ऐकेना. दार सरकलं आणि वेनिंग धावत आत आली. काही होतंय का, दुखतंय का, चक्कर येते का, असं एकामागून एक विचारत सुटली.

"म्बाक वेनिंग," रुबियेम छताकडे बघत म्हणाली, "मी तीन दिवस पोटात घेतला."

"काय घेतलं?"

"श्वास. छातीत नाही घेतला. बुधवारपासून."

"असं कसं? रेघ तर..." वेनिंग थांबली. तिने एक तळवा रुबियेमच्या छातीच्या हाडावर ठेवला, एक पोटावर, आणि घ्या म्हणाली. रुबियेमने पोट उचललं. खालचा तळवा वर गेला, डबी वर गेली, वरचा तळवा होता तिथेच राहिला. पडद्यावरची रेघ निळ्या पट्टीत सरळ. वेनिंगने रेघेकडे पाहिलं, मग आपल्या दोन हातांकडे. तिचा चेहरा उतरला.

"मी तुम्हाला शाबासकी दिली," ती हळूच म्हणाली.

"तुमचा काही दोष नाही. मला येतं हे. माझं कामच आहे."

"कॅमेऱ्यात छातीकडेही बघायचं असतं. मी रेघच बघत राहिले." ती एवढं म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. जाताना तिने रुबियेमचा झगा नीट केला, आणि हात खाली घेतलेत तरी चालेल, असं सांगितलं. रुबियेमने घेतले नाहीत.

डॉक्टर हप्सारी आल्या त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे रुबियेमला जास्त भीती वाटली. त्यांनी दोन चित्रं काढायला लावली, एक पोटाच्या श्वासाचं, एक छातीच्या. छातीचा श्वास चित्रापुरताच, तीन सेकंद, म्हणाल्या. रुबियेमने डोळे मिटून तो घेतला आणि तीन व्हायच्या आत सोडला. मग पडदा तिच्याकडे वळवला. पहिल्या चित्रात हृदयाच्या पांढुरक्या गोळ्याची कड किरणांची हद्द दाखवणाऱ्या तिरक्या रेघेच्या आत आली होती, नखाएवढी. दुसऱ्यात गोळा आणि रेघ यांच्यामधे काळी फट होती.

"ही फट म्हणजे हवा," डॉक्टर म्हणाल्या. "ती हवी आहे मला. पोटाच्या श्वासानेही हृदय थोडं खाली सरकतं, पण एवढं पुरत नाही, आणि छाती उचलली न गेल्यामुळे किरणांचा नेमही थोडा चुकतो. त्याचाही हिशेब मी करीन."

"जळलं का ते?"

"नाही. असं जळत नाही. तीन दिवसांत थोडे किरण कडेला लागले. ते परत काढून घेता येत नाहीत, बु, खोटं सांगणार नाही. पुढे काही वर्षांनी हृदयाला त्रास व्हायची शक्यता किंचित वाढली असेल. किंचितच. राहिलेले अकरा दिवस असेच गेले असते तर मात्र मला काळजी वाटली असती." मग त्यांनी विचारलं, "छातीत का नाही घेतलात? दुखत होतं?"

रुबियेमने पडद्यावरची नजर काढली.

"वारा बसेल म्हणून."

वेनिंगने मान खाली घातली. डॉक्टर हसल्या नाहीत. चित्राकडे बघत, काहीतरी टिपून घेत त्या म्हणाल्या, "बसलेला वारा असं काही नसतं. हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडते, त्याला लोक वारा म्हणतात. श्वासाने आत गेलेला वारा बसत नाही. आला तसा जातो."

"मग नाणं?"

"नाण्याने पाठीला बरं वाटतं. माझी आईही करायची. पण छाती दुखते म्हणणाऱ्या माणसाला नाणं फिरवत बसलं तर तेवढा वेळ जातो. तो वेळ दवाखान्यात पोचायचा असतो."

आपण हे कुणाला सांगतोय ते त्यांना माहीत नव्हतं. पान उलटून त्या पुढे लिहू लागल्या.

रुबियेम फळीवर तशीच पडून होती. सादिरानची पाठ तिला दिसली. इतका वेळ घेऊन, इतक्या नेटकेपणाने ओढलेले पट्टे, कण्याच्या एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर होता. त्याने डावा खांदाही सांगितला होता. आठ आणि आठ व्हायला पंधरा मिनिटं तरी गेली असतील, वर काढ्याची वेळ. नऊ वर्षं ती वाऱ्यावर खापर फोडत आली होती. या बाईचं खरं मानलं तर वारा निर्दोष सुटत होता. मग दोष कुणाकडे जातो, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोटं मानलं, तर वारा होता तिथेच राहिला असता. सादिरानही होता तिथेच, आणि तिचा हातही स्वच्छ. फक्त तिचं काळीज किरणांच्या तोंडी.

डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानात गेलं. हात वर असल्यामुळे पुसता येईना. वेनिंगने पुसलं. तिला वाटलं, बाई किरणांना घाबरली आहे.

"आज थांबू या का, बु?" तिने विचारलं. "उद्या करू. डॉक्टर नाही म्हणणार नाहीत."

उद्यावर टाकलं तर संध्याकाळी सारतिनी असेल, गिमानच्या घरच्या बायका असतील, आणि उद्या आपण पुन्हा पोट उचलू, हे रुबियेमला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, "नको. आत्ताच."

डॉक्टर बाहेर काचेपाशी बसणार होत्या. आजपासून रोज आधी चित्र, मगच किरण, आणि किरण चालू असताना वेनिंगने रेघेबरोबर छाती आणि आतलं चित्रही बघत राहायचं, असं ठरलं. दार सरकत बंद झालं. खोलीत गार होतं. श्वास घ्या, जाळी म्हणाली.

तिने घेतला. शिवण ताणली, बरगड्या हलल्या, आणि वारा आत आला, जिथे तो तिने कुणाच्याच छातीत कधी टिकू दिला नव्हता तिथे. आठापर्यंत ती पोचली. मग छातीत काहीतरी लक्कन हललं, तिला वाटलं, बसला, आणि तिने भसकन सोडून दिला. मशीन तत्काळ थांबलं. काही हरकत नाही, बु, दम घ्या, आवाज आला. पुन्हा घेतला. अकरापर्यंत. पुन्हा सुटला. अंगाला घाम फुटला होता.

तिसऱ्या वेळी तिने पोट मुद्दाम घट्ट आवळलं, त्याला तिथून वाटच मिळू नये म्हणून, आणि छाती भरली. रेघ चढली, पट्टीच्या खालच्या कडेला घासली, आत गेली. घुमणं सुरू झालं. पाच. सहा. काळीज कानात वाजायला लागलं, जोरात. दहा. तिने डोळे उघडे ठेवले. चौदा.

"बु," जाळीतून वेनिंगचा आवाज आला, धावून आल्यासारखा, "दिसतंय मला. हृदय लांब गेलंय. फट दिसतेय. तशीच धरा."

किती लांब, असं रुबियेमला विचारायचं होतं. पण बोलायचं तर श्वास सोडावा लागला असता.